मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस (एमएनएस): मुली आणि पालक परत परत विचारतात ते प्रश्न

मी एमएनएसमध्ये काही वर्षं काढली आणि आता गावाकडे आहे, त्यामुळे बारावीचा रिझल्ट लागला की फोन सुरू होतात, ताई हे कसं भरायचं, ताई माझं वय बसतं का. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदा नीट लिहून ठेवतेय. तारखा आणि वयाची नेमकी मर्यादा दर वर्षी बदलते, ती त्या वर्षीच्या नोटिफिकेशनमध्येच बघायची. एक गोष्ट दोनदा लिहिलेली नाही, जिथे संबंध आहे तिथे प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. एमएनएसमध्ये गेलं की आपण नर्स असतो की आर्मीतले अधिकारी?

दोन्ही. वॉर्डात तुम्ही पेशंटची नर्सच असता, सलाईन लावता, ड्रेसिंग बघता, रात्रपाळी करता, आणि खांद्यावर लेफ्टनंटचे स्टार असतात. १९४३ च्या अध्यादेशापासून या सर्व्हिसमधल्या बायका कमिशन्ड अधिकारी आहेत. सुरुवात त्याच्याही आधीची आहे, २८ मार्च १८८८ ला दहा इंग्रज नर्सेस मुंबईत उतरल्या, लष्करी हॉस्पिटलांमधली नर्सिंगची घडी बसवायला, आणि १ ऑक्टोबर १९२६ ला ही सर्व्हिस आर्मीचा कायमचा भाग झाली, तोच दिवस आजही रेझिंग डे (स्थापना दिन) म्हणून साजरा करतात. अग्निवीरशी याचा काही संबंध नाही, हे मुद्दाम लिहितेय कारण निम्मे पालक तिथूनच सुरुवात करतात.

२. आत जायचे रस्ते किती आहेत?

मुख्य दोन. पहिला बारावीनंतर, नीट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) देऊन सैन्याच्याच नर्सिंग कॉलेजात चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग आणि मग थेट कमिशन, म्हणजे अधिकारीपद (प्रश्न ३ ते १२). दुसरा बाहेरच्या कॉलेजातून बीएस्सी नर्सिंग पूर्ण करून शॉर्ट सर्व्हिस कमिशन, म्हणजे ठराविक वर्षांपुरतं अधिकारीपद (प्रश्न १४). पहिल्यात सगळं सैन्य शिकवतं आणि खर्च जवळजवळ नाही, दुसऱ्यात शिक्षणाचा खर्च तुमचा पण दार ३५ वयापर्यंत उघडं राहतं. माझं मत विचाराल तर अकरावीतच ठरवा की पहिल्याचा प्रयत्न करायचाय, कारण बारावीनंतर कळलं तर नीटची तयारी कधी करणार.

३. बीएस्सीची कॉलेजं कुठे आहेत, महाराष्ट्रात आहे का?

सहा आहेत आणि त्यातली दोन आपल्याकडे. पुण्याचं एएफएमसी, म्हणजे आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेज (४० जागा) आणि मुंबईत कुलाब्याचं नेव्हीचं हॉस्पिटल आयएनएचएस अश्विनी (४०). बाकी कोलकात्याचं कमांड हॉस्पिटल (३०), दिल्लीचं आर्मी हॉस्पिटल आर अँड आर (३०), लखनौचं कमांड हॉस्पिटल (४०) आणि बेंगळुरूचं एअर फोर्सचं कमांड हॉस्पिटल (४०). बेरीज २२०, अख्ख्या देशासाठी. हा आकडा घाबरवायला सांगत नाहीये, पण पुण्यातच पाहिजे मुंबईतच पाहिजे असा हट्ट धरून बसू नका, पसंतीक्रम भरताना सहाही भरा. माझ्या ओळखीची एक मुलगी लखनौला लागली म्हणून आई आठवडाभर रडली, तीच मुलगी आता म्हणते की हिंदी चार वर्षांत तिथे पक्कं झालं आणि पुढच्या प्रत्येक पोस्टिंगला ते कामाला आलं.

४. पात्रता काय लागते?

भारताची नागरिक असलेली मुलगी, अविवाहित (किंवा घटस्फोटित, कायदेशीर विभक्त, विधवा, आणि अंगावर मुलांची जबाबदारी नसलेली). वय साधारण १७ ते २५ मध्ये, जन्मतारखेची नेमकी खिडकी दरवर्षी छापतात. बारावी सायन्स, फिजिक्स केमिस्ट्री बायोलॉजी आणि इंग्रजी, एकूण किमान ५० टक्के, रेग्युलर विद्यार्थिनी म्हणून आणि पहिल्याच प्रयत्नात पास. शिवाय त्याच वर्षीची नीट क्वालिफाय. बारावीचा रिझल्ट यायचा असेल तरी अर्ज करता येतो पण प्रवेशाच्या वेळी मार्कशीट हातात लागते.

५. माझी बारावी पुरवणीत निघाली / १७ नंबरचा फॉर्म भरला होता / बायफोकल (व्यवसायाचा विषय) घेतलं होतं. चालेल का?

तीन वेगळ्या गोष्टी आहेत म्हणून एकेक सांगते. एखादा विषय मार्चला गेला आणि जुलैच्या पुरवणीत सुटला तर तो पहिला प्रयत्न राहत नाही, त्यामुळे बीएस्सीच्या रस्त्याला अडचण आहे, फॉर्म भरण्यात पैसे आणि महिने घालवू नका. १७ नंबर म्हणजे खाजगी विद्यार्थी, आणि अट रेग्युलरची आहे, तेही नाही. बायफोकलचं मात्र मार्कशीटवर अवलंबून आहे, बायफोकल घेताना बायोलॉजी सोडलं असेल तर विषयच पुरे होत नाहीत, आणि पीसीबी तिन्ही आणि इंग्रजी मार्कशीटवर दिसत असतील तर विषयांचा प्रश्न सुटला. ज्यांचं यात बसत नाही त्यांनी रडत बसू नका, प्रश्न १४ वाचा, तिथे पुढचं दार आहे.

६. मी नीटचा फॉर्म भरलाय, म्हणजे एमएनएसचा पण भरला ना?

नाही! सगळ्यात जास्त मुली इथेच हुकतात म्हणून जरा लांब लिहिते. २०२२ पासून या बीएस्सीसाठी नीट सक्तीची झाली, पण नीट ही फक्त पहिली पायरी. नीट मे महिन्यात होते, रिझल्ट लागला की आर्मी आपल्या जॉइन इंडियन आर्मीच्या वेबसाइटवर वेगळं रजिस्ट्रेशन उघडते, ते थोडेच दिवस उघडं असतं, आणि तिथे नीटचा रोल नंबर आणि मार्क टाकून पुन्हा अर्ज करायचा असतो. तो केला नाही तर नीटला कितीही मार्क असू देत, तुमचं नाव त्यांच्याकडे गेलेलंच नसतं. एमबीबीएसच्या काउन्सेलिंगमध्ये नाव टाकलं म्हणजे हेही आलं असं नाही. आणि आपल्या राज्याची जी बीएस्सी नर्सिंगची सीईटी असते ती राज्यातल्या कॉलेजांसाठी, तिचा एएफएमसीशी किंवा अश्विनीशी संबंध नाही. तरी मी सांगते की सीईटी पण द्या, का ते प्रश्न २४ मध्ये.

मागे एका मुलीचे मार्क चांगले होते, तिने सायबर कॅफेवाल्याला सांगून ठेवलं होतं की आर्मी नर्सिंगचं आलं की भर, आणि तो विसरला. तेव्हापासून मी प्रत्येकीला सांगते, नीटचा रिझल्ट लागल्यापासून रोज सकाळी स्वतः वेबसाइट उघडायची, दात घासण्याइतकं नेमाने.

७. नीटला किती मार्क लागतात?

आकडा मी देणार नाही, कारण तो दरवर्षी पेपर आणि अर्जांच्या संख्येवर हलतो. नुसतं क्वालिफाय होणं पुरत नाही, अर्ज केलेल्यांमधून नीटच्या मार्कांवर शॉर्टलिस्ट लागते आणि तेवढ्यांनाच पुढे बोलावतात. अभ्यासाचं म्हणाल तर ७२० पैकी ३६० मार्क एकट्या बायोलॉजीचे आहेत, डॉक्टरकीच्या रेसमधले फिजिक्सवर जीव काढतात पण तुम्ही बायोलॉजी एनसीईआरटीच्या पुस्तकातून ओळ न् ओळ केली तर निम्मा डोंगर तिथेच चढून होतो. स्टेट बोर्डाच्या मुलींनी ही पुस्तकं अकरावीपासूनच हातात घ्यावीत.

८. शॉर्टलिस्ट झाल्यावर काय असतं? मराठी मिडियमवाल्यांना जमतं का?

कॉम्प्युटरवर जनरल इंटेलिजन्स आणि जनरल इंग्लिशची टेस्ट, मग सायकॉलॉजिकल असेसमेंट, मग इंटरव्ह्यू, मग मेडिकल (प्रश्न ९). हे घराजवळ होत नाही, रेल्वेचं रिझर्व्हेशन आणि सोबत कोण येणार हे आधीच ठरवून ठेवा.

मी स्वतः सातवीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत होते, त्यामुळे मराठी मिडियमचं दुखणं मला माहितीय. इंटरव्ह्यूत इंग्रजीच्या उच्चारावर कोणी अडत नाही, अडतं ते अर्धं वाक्य बोलून गप्प बसण्यावर. रोज दहा मिनिटं मोबाइलवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करा, माझं गाव, माझे वडील काय करतात, मला नर्सच का व्हायचंय, आणि ऐका. विचारतात ते साधंच असतं, घरचं, जिल्ह्यातलं, वाचनातलं, सैन्यच का. "देशसेवा करायची आहे" हे उत्तर पाठ करून जाऊ नका, प्रत्येक मुलगी तेच सांगते, त्याऐवजी आजीच्या आजारपणात तुम्ही काय केलंत ते खरं सांगा. आणि माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा, वॉर्डात पण तेच म्हणावं लागतं, तिथे अंदाजाने औषध देत नाहीत.

९. मेडिकलला मुली कशात बाद होतात?

उंची किमान १५२ सेंमी लागते (ईशान्येकडच्या आणि काही डोंगरी भागातल्या मुलींना सवलत आहे). छातीचा एक्सरे आणि पोटाची सोनोग्राफी होते. जास्त करून अडतं ते उंचीच्या मानाने वजन, कमी हिमोग्लोबिन, डोळे, टॉन्सिल, कानातला मळ, किडलेले दात, सपाट पावलं. यातलं बरंचसं सहा महिने आधी कळलं तर दुरुस्त होतं! गावच्या सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्या, डेंटिस्टकडे जाऊन या, कान साफ करून घ्या. चष्म्यासाठी घाईने लेसर करून घेऊ नका, त्याचे वेगळे निकष असतात ते वाचून मग ठरवा. टॅटूची आवड असेल तर भरती होईपर्यंत हात आवरा, सैन्यात टॅटू कुठे चालतो कुठे नाही याचे नियम कडक आहेत.

अनफिट सांगितलं तर तिथेच संपत नाही. तात्पुरतं अनफिट असेल तर बरं होऊन परत दाखवायला वेळ मिळतो, कायमचं म्हटलं तर अपील मेडिकल बोर्ड मागता येतं. पत्रावर मुदत लिहिलेली असते, ती चुकवू नका.

१०. मार्कशीटवर आडनाव आधी आहे आणि आधारवर नाव आधी. प्रॉब्लेम येईल का?

हा खास आपल्या महाराष्ट्रातल्या मुलींचा प्रश्न. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव, नाव, वडिलांचं नाव असा क्रम, आधारवर उलटा, आणि कुठेतरी वडिलांचं नाव गाळलेलं. नुसता क्रम वेगळा असेल तर समजून घेतात, पण स्पेलिंग वेगळं असेल, एकीकडे बाळासाहेब आणि दुसरीकडे भाऊसाहेब असेल, तर आधीच दुरुस्त करा. दहावीचं सर्टिफिकेट हा पाया धरा, त्याच्यासारखं बाकी सगळं करून घ्या, आधार, नीटचा फॉर्म, बँकेचं पासबुक. दहावीतच चूक असेल तर शाळेमार्फत बोर्डात अर्ज आणि लागलं तर गॅझेट, त्याला महिने जातात म्हणून अकरावीच्या सुट्टीत करा.

११. जातीचं आरक्षण आहे का? डोमिसाइल लागतं का?

सैन्याच्या अधिकारी निवडीत जातीनुसार जागा राखीव नसतात, राज्याचा कोटाही नाही. नीट क्वालिफाय होण्याच्या पर्सेंटाइलमध्ये प्रवर्गाची सवलत नीटच्या नियमांप्रमाणे मिळते (ओपनला ५०, एससी एसटी ओबीसीला ४०), पण पुढच्या शॉर्टलिस्टमध्ये सगळ्यांची रांग एकच.

१२. शिकताना खर्च किती? आणि बॉन्ड म्हणजे काय, अडकून पडतो का?

ट्रेनिंगमध्ये राहणं, जेवण सरकारकडून, युनिफॉर्मचा भत्ता आणि महिन्याला स्टायपेंड. शेतकऱ्याच्या, रिक्षावाल्याच्या घरातली मुलगी घरून एक पैसा न मागवता ग्रॅज्युएट होते, आणि मला या सर्व्हिसबद्दल सगळ्यात जास्त आदर याच गोष्टीचा वाटतो.

त्याच्या बदल्यात बॉन्ड. चार वर्षं पूर्ण करून एमएनएसमध्ये नोकरी करायची, मध्येच सोडलं किंवा कमिशन नाकारलं तर ठरलेली रक्कम भरायची. रक्कम आणि अटी त्या वर्षीच्या कागदावर असतात आणि त्यावर पालकांचीही सही लागते, म्हणून सही करायच्या आधी घरात सगळ्यांनी मिळून वाचा, इंग्रजी समजत नसेल तर शाळेतल्या सरांना बोलवा. शेवटी परमनंट किंवा शॉर्ट सर्व्हिस कमिशन मिळतं, कोणतं मिळणार यावर तुमचं पेन्शन ठरतं (प्रश्न २१), त्यामुळे तो शब्द नीट शोधून वाचा.

१३. लग्न कधी करता येतं? लग्न केलं की काढून टाकतात असं ऐकलंय.

ट्रेनिंगची चार वर्षं लग्न नाही. कमिशन मिळाल्यावर करता येतं, आणि लग्नामुळे नोकरी जात नाही.

जे ऐकलंय ते एके काळी खरं होतं. १९७७ ची एक आर्मी इन्स्ट्रक्शन होती, त्यात लग्न केलेल्या नर्सिंग अधिकाऱ्याला काढता यायचं, आणि १९८८ मध्ये एका लेफ्टनंटला तसंच काढलं. तो नियम १९९५ मध्ये मागे घेतला. ती बाई लढत राहिली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं की असा नियम उघड मनमानी आणि स्त्रियांशी भेदभाव होता, आणि ६० लाख रुपये भरपाई द्यायला लावली. छत्तीस वर्षं! पुढच्या वेळी गावात कोणी "लग्न झालं की घरी पाठवतात" म्हणालं तर त्यांना हा निकाल सांगा.

१४. माझं बाहेरून बीएस्सी नर्सिंग झालंय / जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालंय. मला जाता येईल का?

बीएस्सी, पोस्ट बेसिक बीएस्सी किंवा एमएस्सी नर्सिंग झालं असेल तर शॉर्ट सर्व्हिस कमिशनसाठी हो. इंडियन नर्सिंग कौन्सिलची मान्यता असलेलं कॉलेज आणि राज्याच्या कौन्सिलचं रजिस्ट्रेशन (आपल्याकडे महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल) लागतं, वय २१ ते ३५. लग्न झालेल्या बायकांनाही या रस्त्याने अर्ज करता येतो. कॉम्प्युटरवर परीक्षा, मग इंटरव्ह्यू, मग मेडिकल.

नुसतं जीएनएम चालत नाही. जीएनएमवाल्यांनी दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करून यायचं, आणि खाजगी हॉस्पिटलात बारा बारा तास राबणाऱ्या मुलींना मी हेच सांगते की वय हातात आहे तोवर ते करून टाका, एमएनएस नाही झालं तरी वाया जात नाही.

एक अडचण आधीच सांगून ठेवते, या जाहिरातीचं ठरलेलं वेळापत्रक नसतं. २०२३ च्या डिसेंबरमध्ये एनटीएमार्फत (नीट घेणारी संस्था) आली आणि १४ जानेवारी २०२४ ला परीक्षा झाली, म्हणजे जाहिरात आणि परीक्षेत जेमतेम महिना. कौन्सिलचं रजिस्ट्रेशन रिन्यू नसेल तर त्या महिन्यात ते होत नाही. कागद कायम तयार ठेवा.

१५. मुलांसाठी आहे का हो ताई?

एमएनएस फक्त मुलींसाठी आहे, या विरोधात कोर्टातही लोक गेलेत. मुलांना सैन्यात नर्सिंगचं काम करायचं तर सोल्जर टेक्निकल नर्सिंग असिस्टंट हा रस्ता आहे, बारावी पीसीबी आणि इंग्रजीवर, ट्रेनिंग लखनौला आर्मी मेडिकल कोअरच्या (एएमसी) सेंटरमध्ये. ते अधिकारी पद नाही, जवान म्हणून भरती असते, पण काम मोलाचं आहे, पुढच्या चौकीवर पहिला हात त्यांचाच लागतो. नेव्ही आणि एअर फोर्समध्ये मेडिकल असिस्टंट असतात.

१६. पगार किती मिळतो?

लेफ्टनंटचं मूळ वेतन ५६,१०० पासून, वर मिलिटरी सर्व्हिस पे १०,८०० आणि महागाई भत्ता, बाकीचे भत्ते पोस्टिंगप्रमाणे. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला पाहिजे, आर्मीच्या इतर अधिकाऱ्यांना मिलिटरी सर्व्हिस पे १५,५०० आहे आणि आपला पे मॅट्रिक्सही वेगळा आहे. मला ते पटत नाही, सेवेत असतानाही पटलं नव्हतं, पण अर्ज करणाऱ्या मुलीला आधी माहीत असावं. तरीही बावीस वर्षांच्या मुलीला पहिल्या महिन्याला हा पगार, राहायची सोय आणि उपचार मोफत, हे आपल्या भागातल्या कुठल्या खाजगी हॉस्पिटलात मिळतं ते मला दाखवा.

१७. पोस्टिंग कुठे? बॉर्डरवर पाठवतात का?

कुठेही. लेहचं १५३ जनरल हॉस्पिटल, श्रीनगरचं ९२ बेस हॉस्पिटल, उधमपूर, गुवाहाटी, तेजपूर, आणि तिन्ही दलांची हॉस्पिटलं, म्हणजे नेव्ही किंवा एअर फोर्सच्या हॉस्पिटलात असलात तरी रँक आर्मीचीच. आपल्याकडे पुण्याचं कमांड हॉस्पिटल आणि हृदयविकाराचं सेंटर, खडकीचं मिलिटरी हॉस्पिटल, देवळाली, कामठी, मुंबईत अश्विनी, गोव्यात वास्कोला आयएनएचएस जीवंती. काही वर्षांनी बदली होतच राहते. पती सैन्यात असतील तर एकत्र पोस्टिंगची विनंती करता येते, विचार होतो पण खात्री देत नाहीत. आणि हॉस्पिटल बॉर्डरजवळ असलं तरी तुम्ही हॉस्पिटलात असता, बंकरमध्ये नाही. भारताची हॉस्पिटलं युनोच्या शांतिसेनेतही आहेत, काँगोत गोमाला मोठं आहे, तिथे एमएनएसच्या अधिकारी जाऊन आल्यात.

१८. प्रमोशन कसं होतं, कुठपर्यंत जाता येतं?

लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर, लेफ्टनंट कर्नल, कर्नल, ब्रिगेडियर, मेजर जनरल. लेफ्टनंट कर्नलपर्यंत ठरलेली वर्षं भरली आणि रिपोर्ट चांगले असले की होत जातं, कर्नलपासून वर जागा कमी आणि निवड बोर्ड बसतं. नेटवर २, ६, १३ वर्षांचा जो तक्ता फिरतो तो आर्मीच्या बाकी अधिकाऱ्यांचा आहे, एमएनएसची वर्षं वेगळी आहेत, तो धरून हिशोब करू नका.

सगळ्यात वर अ‍ॅडिशनल डायरेक्टर जनरल एमएनएस, मेजर जनरल रँक. १९७६ मध्ये जी. ए. राम मेजर जनरल झाल्या, भारतीय सैन्यात त्या रँकला पोचलेली पहिली बाई, आणि त्या डॉक्टर नव्हत्या, नर्स होत्या. हे मी प्रत्येक मुलीला सांगते. लेफ्टनंट जनरल माधुरी कानिटकरांचं नाव घेऊन बऱ्याच जणी विचारतात की तिथपर्यंत जाता येईल का, तर त्या आर्मी मेडिकल कोअरच्या डॉक्टर, ती वेगळी शाखा आहे, एमएनएसमध्ये शेवटची पायरी मेजर जनरल.

कामाच्या बाजूने बघितलं तर वॉर्ड, मग डिपार्टमेंट, मग मॅट्रन (हॉस्पिटलातल्या नर्सिंगच्या प्रमुख), मोठ्या हॉस्पिटलात प्रिन्सिपल मॅट्रन, नाहीतर कॉलेजात शिकवण्याची लाइन.

१९. पहिल्या पाच वर्षांत काय केलं म्हणजे पुढे अडत नाही?

हा प्रश्न फार कमी जणी विचारतात आणि सगळ्यात जास्त कामाचा आहे. पहिल्या वर्षी जे वॉर्ड मिळतील ते करा पण आयसीयू, ऑपरेशन थिएटर, लेबर रूम यापैकी एकाकडे दुसऱ्या वर्षापासून लक्ष ठेवा आणि मॅट्रनना तोंडाने सांगा की मला यात काम करायचंय, मनात ठेवून कोणाला कळत नाही. मी संकोचाने दोन वर्षं बोललेच नाही आणि माझ्या बॅचची मैत्रीण, जी पहिल्या महिन्यात बोलली, तिचा कोर्स माझ्या आधी झाला. वर्षाचा कॉन्फिडेन्शियल रिपोर्ट लिहायच्या वेळी तुमचं काम तुम्हालाच मांडावं लागतं, म्हणून एक साधी वही ठेवा, कोणत्या महिन्यात काय केलं, किती ज्युनियर शिकवल्या, कोणती ऑडिट केली. फिटनेस आणि वजन सोडू नका, मेडिकल कॅटेगरी खाली गेली की कोर्स आणि पोस्टिंग दोन्ही अडतात. कोर्सेस पुढच्या प्रश्नात.

२०. नोकरीत राहून पुढे शिकता येतं का?

येतं, आणि शिकावंच. क्रिटिकल केअर, ऑपरेशन रूम, ऑन्कॉलॉजी, न्यूरो, नवजात बाळांचं नर्सिंग, सायकिअ‍ॅट्रिक असे एक वर्षाचे पोस्ट बेसिक डिप्लोमा आहेत, सर्व्हिसमधून पाठवतात, आणि एमएस्सीही करता येते. प्रत्येक कोर्सनंतर काही वर्षं नोकरी करायची अट वाढते, त्यामुळे बाहेर पडायचा विचार असेल तर कोर्स घेण्याआधी हिशोब करा. आवड शिकवण्याची असेल तर एमएस्सीच पकडा, थिएटरची किंवा आयसीयूची असेल तर आधी डिप्लोमा, एमएस्सी मागून होते.

२१. पेन्शन मिळतं का? शॉर्ट सर्व्हिस संपल्यावर काय?

परमनंट कमिशनवाल्या अधिकाऱ्याला पेन्शनसाठी साधारण २० वर्षांची सेवा लागते. शॉर्ट सर्व्हिस सुरुवातीला ५ वर्षं आणि पुढे मुदतवाढ, पण तिला पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी मिळते. म्हणून शॉर्ट सर्व्हिसवाल्यांनी पहिल्या पगारापासून स्वतःची बचत करायची, हे मी अगदी हात जोडून सांगते. बाहेर आल्यावर सरकारी नर्सिंग ऑफिसर, नर्सिंग कॉलेजात शिकवणं (एमएस्सी असेल तर), परदेश, असं सगळं खुलं असतं. माजी सैनिकांचं आरक्षण मिळतं का यावर वाद होत आलेत, त्यामुळे प्रत्येक भरतीच्या जाहिरातीत माजी सैनिकाची व्याख्या काय दिलीय ते वाचून मगच तो कॉलम भरा. वयोमर्यादा मात्र बाहेर कोणासाठी थांबत नाही, सोडायच्या दोन वर्षं आधीपासून फॉर्म बघायला लागा.

२२. बाळंतपणाची रजा? मूल लहान असताना कसं करतात?

मॅटर्निटी लीव्ह १८० दिवस पूर्ण पगारी, दोन मुलांपर्यंत, आणि पूर्ण सेवेत मिळून ३६० दिवस चाइल्ड केअर लीव्ह. कागदावर हे चांगलं आहे. प्रत्यक्षात नाइट ड्युटीला मूल कोणाकडे हा प्रश्न राहतोच, माझ्या सोबतच्या बऱ्याच जणींनी आई किंवा सासूबाईंना क्वार्टरवर आणून ठेवलं होतं. लग्न ठरवताना हे दोन्ही घरांत बोलून घ्या, नवऱ्याशी एकट्याने नाही, सगळ्यांसमोर.

२३. वडील म्हणतात एम्सची नोकरी बरी, एका जागी राहता येतं. कोणतं घेऊ? आणि एक जण दोन लाखात सीट देतो म्हणतोय.

दुसरं आधी. सीट कोणी विकत देत नाही, देऊ शकतच नाही. आमच्याच तालुक्यात एका घराने बैल विकून एका एजंटला पैसे दिले, तो दिसला नाही परत. जो पैसे मागतो तो चोर, पोलिसात जा.

आता एम्स. नॉरसेट या एम्सच्या भरती परीक्षेतून नर्सिंग ऑफिसर लागलात तर लेव्हल ७, मूळ ४४,९०० पासून, एक शहर, घर उभं राहतं. एमएनएसमध्ये सुरुवातीचं वेतन जास्त, रँक, फिरणं, आणि शिस्त चोवीस तासांची, ड्युटी संपल्यावरही तुम्ही अधिकारीच. ज्या मुलीला आईवडिलांना जवळ राहून सांभाळायचंय तिने एम्स घ्यावं, त्यात कमीपणा नाही. ज्या मुलीचा पाय घरात ठरत नाही तिने इकडे यावं. वडिलांना एकदा जवळच्या मिलिटरी हॉस्पिटलच्या गेटवर उभं करा आणि तिथल्या लेफ्टनंट मुलीला जवान कसा सॅल्यूट मारतो ते दाखवा, माझ्या वडिलांचा नकार तिथेच गळाला.

२४. यंदा नीटमध्ये नंबर लागला नाही, वय १८. ड्रॉप घेऊ का सिव्हिल बीएस्सीला जाऊ?

म्हणूनच राज्याची सीईटी द्यायला सांगितलं होतं. सरकारी कॉलेजात बीएस्सी मिळत असेल तर घ्या, ड्रॉप नको. चार वर्षांनी २२ च्या वयात तुम्ही शॉर्ट सर्व्हिसला पात्र असता (प्रश्न १४) आणि हातात डिग्री असते. ड्रॉप फक्त तिने घ्यावा जिची बारावी पहिल्या प्रयत्नात ५० टक्क्यांच्या वर आहे, नीटचे मार्क शॉर्टलिस्टच्या अगदी जवळ होते आणि घरून एक वर्ष कटकट न करता अभ्यास करू देणार आहेत, तिन्ही असेल तरच, आणि एकदाच. सरकारी नाही मिळालं आणि खाजगीची फी झेपत नसेल तर शिष्यवृत्तीचे महाडीबीटीवरचे फॉर्म आधी बघा, त्यानंतरच जीएनएमचा विचार करा, आणि जीएनएमला गेलात तर पोस्ट बेसिकचं वर्ष आत्ताच वहीत लिहून ठेवा.